रावपुऱ्यातलं जेनेटिक सेंटर: नमुना चोख, अहवाल कंजूष

बडोद्यात रावपुऱ्यातल्या या कलेक्शन सेंटरवर एसएमएन1 या जनुकाची कॅरिअर टेस्ट (स्वतः निरोगी, पण बिघडलेली प्रत बाळगणारा माणूस शोधणारी) एमएलपीएने, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या पद्धतीने होते, आणि इथे हीच पद्धत हवी. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या साधारण 95 टक्के रुग्णांत या जनुकाच्या दोन्ही प्रतींतला सातवा एक्सॉन (प्रथिनासाठी लागणारा जनुकाचा तुकडा) गायब असतो. कॅरिअरकडे एक धड प्रत असते. साधं सीक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणं) तेवढी वाचून ‘सगळं ठीक’ सांगून मोकळं होतं, प्रती मोजत नाही.

अहवालात एसएमएन2 च्या प्रती वेगळ्या दिलेल्या असतात, हेही बरं. हे जनुक एसएमएन1 चं जुळं भावंडच. सातव्या एक्सॉनमध्ये सी या अक्षराच्या जागी टी, कळीचा फरक एवढाच. पण त्यामुळे स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे जनुकाच्या नकलेतले तुकडे जोडताना, तो एक्सॉन बहुतेकदा गाळला जातो आणि तयार झालेलं प्रथिन टिकत नाही. गंमत अशी, की खुद्द एसएमएन प्रथिन स्प्लायसिंगच्याच यंत्रणेचे सुटे भाग जुळवतं! मात्र कॅरिअरने स्वतःच्या तब्येतीसाठी एसएमएन2 च्या आकड्याची धास्ती घेऊ नये. तो रुग्णात आजाराची तीव्रता जोखायला लागतो.

नमुन्याच्या बाबतीत मंडळी काटेकोर आहेत. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी, 3 मिली रक्त, लगेच आठ-दहा वेळा अलगद खाली-वर, आणि नळी गोठवायची नाही. बाहेरून हिरव्या टोपीची हेपॅरिन नळी आणली तर घेत नाहीत. हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या नकला काढण्याची प्रक्रिया) अडवतं आणि ज्यांवरून प्रती मोजतात ती गुणोत्तरं डळमळतात.

घोडं अडतं ते अहवालापाशी. ‘2 प्रती, कॅरिअर नाही’, बस्स. दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असल्या, तर दुसरं रिकामं असूनही बेरीज दोनच येते. एका अक्षराचा बिघाडही ही टेस्ट पकडत नाही. तिथे ‘धोका कमी, शून्य नाही’ असं छापायला हवं. घरात आधीचं बाधित मूल असेल किंवा मामे-आते भावंडांत लग्न ठरत असेल, तर नुसत्या ‘नाही’वर विसंबू नये, जेनेटिक काउन्सेलरला अहवाल दाखवावा.

गुणोत्तरंही काउंटरवर मागितल्याशिवाय मिळत नाहीत. 1 च्या आसपास म्हणजे दोन प्रती, 0.5 म्हणजे एक. 0.7 सारखा अधांतरी आकडा दिसला तर टेस्ट पुन्हा करायला सांगावी. गरोदरपणात आधी बायकोची, मग नवऱ्याची असं करत बसू नये, दोघांचं रक्त एकदमच द्यावं. दोघंही कॅरिअर निघाले तर वारेच्या पेशींची तपासणी 11 ते 13 आठवड्यांतच करावी लागते.