विद्यावेतनासह उन्हाळी इंटर्नशिप: जर्मनीच्या नावाने झालेली फसवणूक

पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना, फ्रँकफुर्टजवळच्या एका रसायन कंपनीत मे ते जुलै दरमहा 1,100 युरो विद्यावेतनावर काम मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका सल्लागार संस्थेने माझी आणि माझ्या दोन वर्गमैत्रिणींची फसवणूक केली. कंपनी खरी होती. तिच्या नावाने आलेले नियुक्तिपत्र बनावट होते. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली आणि तीत क्रोमॅटोग्राफीचे प्रश्न अगदी जाणकाराने विचारावेत तसे विचारले गेले. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणारा माणूस विषयात अडाणी असतो हा समज घातक आहे.

त्यानंतर पैसे मागितले गेले: आधी कागदपत्रांच्या पडताळणीसाठी, मग व्हिसासाठी, मग राहण्याच्या खोलीची ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून. दर वेळी मुदत अगदी थोडी आणि बँक खाते नव्या व्यक्तीच्या नावाचे. माझे 1,85,000 रुपये गेले. त्यासाठी बाबांनी मुदत ठेव मोडली होती.

भारतात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जर्मनीत अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिप करायची असेल, तर साधारणपणे तेथील संघीय रोजगार संस्थेची संमती लागते आणि कंपनीच्या सहभागाशिवाय ती मिळत नाही. आम्हाला या संमतीविषयी कोणी अवाक्षरही सांगितले नाही. व्हिसाचे मूळ शुल्क शंभर युरोंच्या आत असते आणि ते अर्जदार अधिकृत केंद्रात स्वतः भरतो. आमच्याकडून त्याच्या कितीतरी पट घेतले गेले. जर्मनीची व्यापार नोंदवही, म्हणजे तेथील कंपन्यांची अधिकृत नोंद, ऑगस्ट 2022 पासून कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. तेथून कंपनीचा नोंदणीकृत पत्ता घ्यावा आणि नियुक्तिपत्रावरच्या नव्हे, तर कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच्या क्रमांकावर मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करावी. आमच्या पत्रावरच्या ईमेलमध्ये कंपनीच्या नावात एक आडवी रेघ जास्त होती.

अनामत भरली त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केल्यामुळे त्या रकमेचा काही भाग बँकेत गोठवला गेला; आधीच्या खात्यांतून पैसे काढून घेतलेले होते. तीच माणसे आता दुसऱ्या नावाने इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांशी संपर्क साधत आहेत असे समजते. तुमच्याकडे असे पत्र आले असेल, तर एक रुपयाही देण्याआधी रोजगार संस्थेच्या संमतीची प्रत मागा आणि ती थेट कंपनीकडून पडताळून घ्या.