तळ्यावर घालायची पारदर्शक नायलॉन जाळी: ढोकरी थांबली, दिवड अडकली

10 बाय 12 फुटांची ही जाळी मी मे महिन्यात ऑनलाइन मागवली. किंमत 480 रुपये. तंगुसासारखा पारदर्शक बारीक दोरा आणि साधारण एक इंचाचे चौकोन. "पक्षी, मांजर, साप सगळ्यांपासून माशांचं रक्षण" असं विक्रेत्याने लिहिलं होतं. पाचपैकी एक तारा देते आहे, आणि तोही का देते ते सांगते.

आमचं घर सावंतवाडी तालुक्यात. परसात चिऱ्याचं बांधलेलं तळं आहे, 8 बाय 6 फूट, खोली अडीच फूट. एका बाजूला कमळाच्या कुंड्यांसाठी पायरी ठेवलेली, तिच्यावर जेमतेम वीतभर पाणी. डासांसाठी आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी आणि नातवाने हौसेने आणलेले 14 सोनमासे त्यात होते. एप्रिलच्या शेवटी मासे कमी व्हायला लागले. आधी मांजरावर संशय आला. मग एका सकाळी चहा घेऊन मागच्या पडवीत बसले, तेव्हा पायरीवर ढोकरी दिसली, बगळ्याच्या जातीचा पक्षी. दिसली म्हणजे, ती तिथे बराच वेळ होती, मला दिसली उशिरा. मान खांद्यात ओढून घेतलेली, अंगाचा रंग वाळक्या पानासारखा. अर्धा तास हलली नाही. मग मान एकदम सुटली, चोचीत केशरी मासा, आणि उडाली तेव्हा पंख पांढरेशुभ्र! आठ दिवसांत तिने पाच सोनमासे नेले. लाल-केशरी मासे आधी जातात, काळसर दोन्ही वाचले.

म्हणून जाळी. ती चारी बाजूंनी दगड ठेवून अंथरली. ढोकरी दोन दिवस काठावर फिरली आणि यायची बंद झाली. तो एक तारा त्याचा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. बेडूक ओरडायला लागले आणि त्यांच्यामागून जनावरं आली. आमच्याकडे सापाला रात्री-बेरात्री नाव घेऊन हाक मारत नाहीत, जनावरच म्हणतात. शेजारचा मुलगा सकाळी धावत आला, "गो काकी, जाळयेत जनावर अडाकलां!" जाऊन बघते तर दिवड. हात-दीड हात लांब, अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन. डोकं एका चौकोनातून आत गेलेलं, मग दुसऱ्यातून बाहेर, आणि दोरा खवल्यांखाली रुतलेला. ती जितकी वळवळे तितका तो आवळे. रात्रभर तशीच असणार.

सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत मी तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं, उन्हाचा कडाका नको म्हणून. त्याने आल्यावर मान धरली आणि मी कशिद्याच्या कात्रीने एकेक धागा कापला. सात धागे. दिवडीने मान चपटी केली, घाण वास सोडला. विषारी नाही, पण चावते कडकडून. आणि ओळख पटवण्याचं काम माहीतगाराचंच, स्वतः हात घालू नका. त्याने जखमा पाहिल्या, कातडी दोन ठिकाणी फाटली होती, खोल नव्हती. संध्याकाळी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला सोडली.

त्याने समजावलं ते इथे लिहिणं गरजेचं आहे. सापाचे खवले मागच्या दिशेला वळलेले असतात. पुढे जाता येतं, पण मागे यायला दोरा खवल्यात अडकतो. त्यामुळे एक इंचाचा चौकोन सर्वांत वाईट: डोकं जातं, जाड अंग जात नाही. चौकोन एक तर इतका बारीक हवा की डोकंच शिरणार नाही, नाही तर इतका मोठा की जनावर सरळ पार होईल. शिवाय पारदर्शक दोरा पक्ष्यांनाही दिसत नाही, त्यांचेही पाय गुंततात.

विक्रेत्याला हे फोटोंसह कळवलं. उत्तर आलं, "साप अडकला म्हणजे जाळी आपलं काम करते आहे." मला या वाक्याचा फार राग आला. दिवड माझ्या तळ्यावर बेडूक खायला आली होती, तिचं इथे राहणं माझ्या आधीपासूनचं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि जाळी विकणाऱ्याला तो माहीत असायला हवा.

आता काय केलंय? वेंगुर्ल्याला होड्यांचं सामान मिळतं, तिथून जाड काळी, गाठी मारलेली दोन इंची जाळी आणली, 900 रुपये. लोखंडी पाइपच्या चौकटीवर ताणून बांधली, पाण्यापासून फूटभर वर. सैल सोडली तर काही उपयोग नाही, सैल जाळीत चोचही जाते आणि पायही. पायरीवर चिरे रचून ती पाण्याबाहेर काढली, म्हणजे ढोकरीला उभं राहायला उथळ जागा उरली नाही. तळाशी चार इंची पाइपचे तुकडे आणि फुटक्या मडक्यांची अर्धी अंगं ठेवली. सावली पडली की मासे तिथे शिरतात. गप्पी काढून वेगळ्या दगडी डोणीत ठेवले. तिथे धीवर पक्षी येतो, निळ्या पाठीचा, चिमणीएवढा. एखाददुसरा गप्पी नेतो, ते भरपूर वाढतात, त्याने न्यावेत. गप्पी व्हाळात मात्र कुणी सोडू नयेत, आपल्या मूळच्या बारक्या माशांच्या जागा ते घेतात.

दिवड परत दिसली, तीच की दुसरी सांगता येत नाही. जाळीच्या एका चौकोनातून आत उतरली, पलीकडून बाहेर आली. नऊ सोनमाशांपैकी एक कमी झाला आहे.

जुन्या जाळीचे मी बारीक तुकडे केले. अख्खी कुठे टाकली असती तर तिथेही कुणी अडकलं असतं.