वेळ बदलली की बुकिंग साइटचा सपोर्ट गायब

तिकीट काढताना साइट एकदम मस्त, पण एअरलाइनने वेळ बदलली की खरी परीक्षा असते आणि तिथे ही साइट नापास. पहिली फ्लाइट दोन तास पुढे ढकलली, त्यामुळे पुढची कनेक्टिंग फ्लाइट पकडायला उरली 35 मिनिटं, तेवढ्यात टर्मिनल बदलून सिक्युरिटी करून गेट गाठणं शक्यच नाही, आणि मेल काय तर "वेळापत्रकात किरकोळ बदल", खाली एकच मोठं हिरवं अ‍ॅक्सेप्टचं बटण. ते घाईत दाबू नका प्लीज, एकदा होकार दिला की फुकट बदल किंवा रिफंड मागायची संधी बऱ्याचदा हातची जाते.

साइटचे चॅटवाले एअरलाइनकडे बोट दाखवतात, एअरलाइन म्हणते तिकीट एजंटचं (म्हणजे साइटचं), त्यांनाच विचारा. शेवटी त्याच एअरलाइनची सकाळची फ्लाइट मीच शोधली, नंबर-तारखेसकट फोनवर सांगितली तेव्हा कुठे काम झालं, तेही एक पैसा न घेता. नंतर ई-तिकीट रीइश्यू झालंय का, म्हणजे नव्या फ्लाइटसाठी पुन्हा काढलंय का, ते नक्की बघा, पीएनआरवर नवी वेळ दिसली म्हणजे झालं असं नसतं.

रिफंडच हवा असेल तर नियम माहीत असू द्या. अमेरिकेत 2024 पासून डोमेस्टिक फ्लाइट 3 तास किंवा इंटरनॅशनल 6 तास, निदान एवढी सरकली आणि तुम्ही नवी वेळ नाकारली तर पैसे परत द्यावेच लागतात.

दोन स्टार, ते फोनवरच्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं म्हणून.