एआरबी एअर लॉकर: लोखंड पक्कं, जपायची ती नळी आणि वायर

इगतपुरी-त्र्यंबकच्या लाल चिखलात असो की निफाडच्या काळ्या मातीत, गाडी रुतली की एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि त्याच ॲक्सलचं दुसरं ढिम्म हलत नाही. साधं डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरांचा गोळा, थोडक्यात डिफ) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाटतं. घसरणाऱ्या चाकाला नावापुरता लागतो, म्हणून पकड असलेल्यालाही नावापुरताच मिळतो. एअर लॉकरचं बटण दाबलं की दाबाची हवा आतला पिस्टन सरकवते, एक साइड गिअर डिफच्या केसला जखडला जातो आणि दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरावंच लागतं. बटण बंद केलं की हवा सुटते, स्प्रिंगा पिस्टन मागे नेतात. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीने हे तंत्र १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉककडून घेतलं. लॉकरच्या मजबुतीबद्दल आमची काही तक्रार नाही. जो त्रास होतो तो त्याच्याभोवती केलेल्या कामातून होतो.

आधी गाडी कोणती ते बघा. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे लॉक कंपनीतूनच मिळतात. नाशिकमध्येच बनणाऱ्या थारच्या काही व्हेरिएंटना मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक आहे. तिथे हा खर्च घाईने करू नये. खरा फायदा जिप्सीसारख्या साध्या डिफच्या गाड्यांना. मागवण्याआधी ॲक्सलचे स्प्लाइन (टोकाचे दाते) आणि क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफच्या मोठ्या-छोट्या गिअरांचा, रेशो स्वतः मोजून घ्या, कारण जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बदललंय ते आरसी बुकात सापडत नाही.

जिप्सीत डिफचा अख्खा गोळा बाहेर निघतो, त्यामुळे सगळं काम टेबलावर होतं. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण केल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. हवा आत नेणारं सील हाउसिंग बेअरिंगपाशी बसतं, त्यात दोन ओ-रिंग (रबरी कड्या) असतात. त्यांना गिअर ऑइल लावून हळू सरकवा. कोरडी ओ-रिंग ढकलली की कापली जाते, आणि ते गाडी जोडून झाल्यावरच कळतं. तांब्याची नळी क्राउनपासून लांब वळवा, हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहा. नळी बाहेर काढायला केसिंगला ७/१६ इंची भोक पाडून पाव इंची एनपीटी (पाइपचे निमुळते) आटे पाडावे लागतात. सातपूर-अंबडच्या कुठल्याही चांगल्या लेथवर हे होतं, पण लोखंडाचा कीस धुऊन काढण्याची जबाबदारी तुमची. बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजवर, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. हाताला ‘थोडा प्ले’ जाणवला म्हणून पुढे जाणारा मेकॅनिक असेल तर गोळा उचलून परत आणा.

किटमधली ५ मिमीची निळी नायलॉन नळी हा या मालाचा सर्वांत कच्चा दुवा. सायलेन्सरजवळ ती वितळते, दगडाने कापली जाते. केसिंगपासून चासीपर्यंत तरी धातूच्या जाळीचं वेष्टण असलेला होज घालाच. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना लांबी ठरवा. जमिनीवर उभ्या गाडीत मापलेली नळी पहिल्याच खड्ड्यात ताणली जाते.

कंप्रेसर फक्त लॉकरसाठी असेल तर छोटा चालतो. पण चिखलासाठी टायरची हवा कमी केली तर परत भरायला एआरबीचा सीकेएमए-१२ कंप्रेसर घ्यावा. बिनदाबाला तो मिनिटाला साधारण ६१ लिटर हवा देतो. मार्चमध्ये दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या रस्त्यांवर धूळ फार असते, म्हणून फिल्टर उंच आणि इंजिनच्या उष्णतेपासून दूर हवा.

वायरिंगमध्ये बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज, तिथून रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), तिथून कंप्रेसर. डॅशबोर्डवरचं बटण आणि प्रेशर स्विच फक्त रिलेची कॉइल चालवतात. मोटरचा करंट बटणातून नेला की बटण जळणार. मुख्य वायर ६ चौरस मिमी तांब्याची घ्या आणि अर्थची (निगेटिव्ह) वायर थेट बॅटरीला न्या, रंगवलेल्या पत्र्याला नको. कंप्रेसर चालू असताना त्याच्या टोकांवर आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर लग (वायरच्या टोकाची जोडपट्टी) किंवा अर्थची जोडणी खराब आहे. कंपनीच्या हार्नेसमध्ये (तयार वायरिंगमध्ये) कंप्रेसरचं बटण चालू असल्याशिवाय मागचा लॉकर लागत नाही, आणि मागचा लागल्याशिवाय पुढचा. इलेक्ट्रिशियन ‘सोपं करतो’ म्हणत ही साखळी तोडत असेल तर अडवा. नुसता पुढचा लॉक लागला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

डॅशबोर्डवरचा दिवा फक्त बटणाला करंट गेल्याचं सांगतो, डिफ लॉक झाल्याचं नाही. खात्री करायची तर पुढची चाकं अडवून मागची दोन्ही जॅकवर घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. उघड्या डिफमध्ये दुसरं उलटं फिरेल. लॉक लागला असेल तर दोन्ही हलणार नाहीत. गळती बघायला टाकी-नळी भरून कंप्रेसर थांबू द्या. पंधरा मिनिटांच्या आत तो पुन्हा सुरू झाला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. लॉकर बंद केल्यावर सोलेनॉइडच्या (हवेच्या विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) एक्झॉस्टमधून गिअर ऑइल उडत असेल तर बहुधा सील हाउसिंगची ओ-रिंग गेली आहे, हवा डिफमध्ये शिरून तेल नळीत ढकलतेय. पण डिफ उघडण्याआधी ब्रीदर (डिफमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) चिखलाने बुजलाय का ते पाहा, आणि तेल जास्त भरलंय का तेही.

गाडी अडकायच्या आधी, ती थांबलेली किंवा रांगत असताना लॉक लावा. फिरत्या चाकावर लावला तर आतले दाते झिजतात. पुढचा लॉक सरळ रेषेतच. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलेटर दाबला की जिप्सीचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकालाही जोर पोहोचवणारा सांधा) तुटतो. ओल्या आडव्या उतारावर मागचा लॉकर गाडीचं बूड खाली सरकवतो, तिथे तो बंदच बरा. डांबरावर येण्याआधी बटण बंद करा, आणि लॉक सुटला नाही तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत हळू पुढे-मागे घ्या. पाण्याचा ओढा ओलांडला असेल तर त्याच आठवड्यात डिफचं बूच उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर काढून ८०-डब्ल्यू-९० जीएल-५ भरा.