चार भोकांचं गॅसकेट

डिसेंबरातली गोष्ट. आई, मुलगा आणि मी पहाटे साडेपाचला पुण्याहून महाबळेश्वरला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तशी आई म्हणाली, "अगं, हीटर लाव, पाय गारठलेत." लावला. पंखा घोंघावत होता, वारा मात्र गारच. शिरवळ आलं तरी गारच. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, बिघडला असेल. पुण्यात हीटर लागतो वर्षातून चार दिवस, त्याच्याकडे कोण बघतंय! आईने शाल पायांवर घेतली आणि विषय संपला.

खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर सरकला. मध्येच खाली आला, पुन्हा झपकन वर गेला. घाटमाथ्यावर थांबले, वाफ बिफ काही दिसली नाही. घाट उतरून जरा बाजूला गाडी लावते न लावते तोच एक मुलगा बाइकवरून आला. "मॅडम, गाडी हीट मारतेय ना? पुढेच गॅरेज आहे आपलं." त्याला लांबून कसं कळलं, हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी पडला.

गॅरेजवाल्याने तासभर इंजिन निवू दिलं आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. एवढं मात्र त्याने बरोबर केलं. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी बरंच कमी होतं. त्याने नळीने पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि मला बोलावलं. "हे बघा." झाकणाच्या तोंडातून बुडबुडे येत होते, एकामागून एक. "हेड गॅसकेट उडालंय. सिलिंडरमधली हवा पाण्यात येतेय." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसतं ते हेड गॅसकेट, दर सिलिंडरला एक मोठं भोक असलेला पातळ थर. मग मागे नेऊन सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर दाखवला. "पाणी जळतंय. अशीच नेलीत तर इंजिन बसेल. साहेबांना फोन लावून द्या, त्यांना सांगतो." गाडी माझ्या नावावर, चालवते मी, पण समजवायचं साहेबांना! साहेब फोनवर म्हणाले, "बुडबुडे येतायत ना? मग असेल."

हेड खोलणं, फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, नवं गॅसकेट, ऑइल, मजुरी. सगळं मिळून 23,500. तीन दिवस गाडी तिथेच राहिली. आम्ही एसटीने परत आलो, महाबळेश्वर राहिलंच. गाडी आणायला हे गेले. पैसे यूपीआयने दिले, बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं. "जुना पार्ट द्या" एवढं मी आठवणीने बजावलं होतं, म्हणून कागदात गुंडाळलेलं एक काळपट गॅसकेटही मिळालं. ते डिकीत पडून राहिलं.

महिनाभर गाडी ठीक चालली. मग एका सकाळी काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावला आणि पुन्हा तोच गार वारा. या वेळी मात्र गाडी पुढे न दामटता सरळ आमच्या गल्लीतल्या मिस्त्री मामांकडे नेली.

मामांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग टॉर्च एका जागी धरून म्हणाले, "ताई, हेड कोणी खोललंय म्हणता? हे एक्झॉस्टचे बोल्ट बघा." बोल्ट गंजून एकजीव झालेले, पान्ह्याची एक चकचकीत खूण नाही. "हे काढल्याशिवाय हेड निघत नाही. कंपनीतून आलं तसंच आहे सगळं." मग मला डिकीतला कागद आठवला. मामांनी गॅसकेट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि हसायलाच लागले. त्याला सिलिंडरची चार मोठी भोकं होती. माझ्या गाडीला सिलिंडर तीन!

खरा बिघाड इंजिनच्या मागच्या बाजूला होता. हीटरकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पपाशी चिरला होता. गाडी तापून आत प्रेशर वाढलं की तेवढ्यापुरतं पाणी झिरपायचं आणि गरम लोखंडावर सुकून जायचं, म्हणून पार्किंगमध्ये थेंब दिसत नव्हता. मागे राहायची ती हिरवट पांढरी पूड, कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवाची. महिनाभर गाडी चालली कारण त्या दिवशी पाणी भरलं होतं, बस्स. तेही साधं पाणी, एव्हाना गंजून चहासारखं झालेलं. पाइप, क्लॅम्प, कुलंट आणि मजुरी मिळून मामांनी 1,400 घेतले.

"मग ते बुडबुडे?" मी विचारलं. मामा म्हणाले, बुडबुडे खरेच होते. रिकाम्या सिस्टीममध्ये पाणी भरलं की अडकलेली हवा बाहेर येणारच. ती दहापंधरा मिनिटांत थांबते. गॅसकेट खरंच गेलं असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. आणि डिसेंबरात सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पांढरी वाफ प्रत्येक गाडीची निघते. संशय असेलच तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची एक नळी बसवतात. पेट्रोल गाडीत जळका वायू पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. काही मिनिटांची टेस्ट, हेडला हात लावायच्या आधी करायची.

हीटरचंही त्या दिवशीच नीट कळलं. हीटर म्हणजे वेगळी शेगडी नाही. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिनचंच गरम पाणी फिरतं. पाणी कमी झालं की तो आधी उपाशी राहतो. म्हणजे इंजिन तापलंय आणि हीटर गार, तर पहिल्यांदा पाण्याची पातळी बघायची. हीटर कोमट आणि काटाही मधोमध येतच नाही, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, उघडा अडकलाय. मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि सिग्नलला तापते, तर रेडिएटरचा पंखा. मामा हे सांगत होते आणि मला शिरवळच्या आधी शाल ओढून घेणारी आई दिसत होती. गाडीने खंबाटकीच्या तासभर आधी सांगितलं होतं, आईच्या पायांना कळलंही होतं.

त्या गॅरेजला फोन केला. चार भोकांचं सांगितल्यावर तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "पोरानं चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल." बोल्टचं विचारल्यावर फोन कट. नंतर नंबर लागलाच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवायला बसले तेव्हा लक्षात आलं की वहीच्या पानावर गॅरेजचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, जीएसटी तर सोडाच. यूपीआयवर आलेलं नाव कुणा बाईचं. तरी मामांकडून गंजलेल्या बोल्टचे तारखेसह फोटो काढून घेतलेत, आणि ते गॅसकेट टाकलेलं नाही. तक्रारीला तेवढंच जोडलंय.