सीटी न करता घरी पाठवणारी इमर्जन्सी : पाचपैकी चार तारे

हा अभिप्राय फक्त नागपूरच्या धंतोलीतल्या या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीबद्दल आहे. ओपीडीचं मला माहीत नाही.

वय 67, शुगर आहे. होळीनंतर गच्चीवरचा कूलर खाली उतरवला आणि दुसऱ्या दिवसापासून उजव्या बरगडीत अशी कळ, की पूर्ण श्वास घेता येईना. त्याच आठवड्यात पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलो होतो. घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये एवढं ऐकूनच, स्टेथोस्कोप न लावता, ‘फुफ्फुसात रक्ताची गुठळी असेल, सीटी अँजिओ करून टाका’ म्हणून चिठ्ठी हातात दिली. घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं.

इथे मात्र ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी खुर्ची ओढली. पूर्वी कधी गुठळी झाली होती का, महिन्याभरात ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं, कॅन्सर, थुंकीतून रक्त, सगळं विचारलं. मग टेप घेतला. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर मोजून पेनानं खूण केली आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर घेतला. छातीत दुखतंय नि ही बाई पाय काय मोजते, असं मनात आलंच. तर फुफ्फुसात अडकणारी गुठळी बहुतेक वेळा पायाच्या शिरेतूनच वर सरकते, म्हणून एका पोटरीला सूज आहे का ते बघतात. माझ्या दोन्ही सारख्या निघाल्या. नाडी 88, ऑक्सिजन 98. ईसीजी आणि एक्स-रे झाला. बरगडीवर बोट दाबलं तर मी ओरडलोच, पण ‘दाबल्यावर दुखतं म्हणजे गुठळी नाहीच, असं होत नाही, काका,’ म्हणाल्या. वेल्स स्कोअर, म्हणजे या सगळ्यावरून गुठळीच्या संशयाला द्यायचे गुण, शून्य. म्हणून डी-डायमरला, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारे तुकडे मोजायला, रक्त पाठवलं.

कोविडपासून डी-डायमर आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. रिपोर्ट आला 610, मर्यादा 500, पुढे ठळक ‘एच’, म्हणजे जास्त. पुण्याहून मुलगा फोनवर, ‘बाबा, इन्शुरन्स आहे ना, सीटी करूनच निघा.’ डॉक्टरीणबाईंनी फोन स्वतः घेतला. पन्नाशीनंतर हा आकडा वयाबरोबर तसाही चढतो. म्हणून ज्याच्याबद्दल संशय कमी आहे, त्याच्या वयाला दहानं गुणायचं. माझी मर्यादा 670, म्हणजे 610 तिच्या आतच. युरोपातल्या 2014 च्या अभ्यासात 500 आणि वयाची मर्यादा यांच्या मध्ये आलेल्या 331 जणांना रक्त पातळ करायचं औषध न देता तीन महिने पाहिलं, गुठळी एकाला निघाली. हेही सांगितलं की संशय दाट असता तर डी-डायमरच्या भानगडीत न पडता थेट सीटीला पाठवलं असतं.

मी आयुष्यभर लेखा विभागात खर्डेघाशी केली, म्हणून मला आवडलं ते वेगळंच. गुणाकार करण्याआधी बाईंनी रिपोर्टवरचं एकक तपासलं. आमचा आकडा एफईयू या एककात होता. काही लॅब डीडीयू या दुसऱ्या एककात देतात, तो आकडा साधारण निम्मा असतो, तिथे दहाऐवजी पाचानं गुणावं लागतं. हे न बघता कुणी वयाचा हिशेब मांडला तर खरी गुठळी सुटायची.

सीटीला शिरेतून डाय देतात, शुगरवाल्यानं आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघायला हवं, रेडिएशन वेगळं. गरज असेल तर हे सगळं चालवून घेऊ, कारण गुठळी सुटली तर जीव जातो. ज्या माणसात ती असायची शक्यताच इतकी कमी, त्याला मशीनमध्ये घालून कोणाचं भलं होतं, ते त्या नर्सिंग होमनं सांगावं.

निघताना मराठीत छापलेला कागद दिला: दम लागला, चक्कर आली, थुंकीत रक्त दिसलं, एक पाय सुजला तर रात्री-बेरात्रीही परत या. दोन दिवसांनी नर्सचा चौकशीचा फोन आला. दुखणं स्नायूचं होतं, आठवड्यात गेलं.

एक तारा कापला तो बिलिंग काउंटरमुळे. तपासणीपेक्षा जास्त वेळ तिथे गेला, आणि न लावलेल्या सलाईनचे पैसे बिलात होते. दाखवल्यावर मुकाट्यानं कमी केले. बिल वाचूनच पैसे भरा. कार नेऊ नका, लावायला जागाच नाही, ऑटोनं जा.