स्वस्तातला फिरता मोटर माउंट: प्रिंट करून घ्यायचा की प्लायमध्ये कापायचा?

जळगाव-धुळ्याकडची बरीच डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरं हल्ली स्वतःहून सरळ राहणारं मॉडेल रॉकेट करायचं म्हणतात, आणि गाडी अडते ती माउंटवर, म्हणजे रॉकेटची मोटर (आत मसाला जळून वर ढकलणारी नळी) धरून तिला हवं तिकडे वळवणाऱ्या सांगाड्यावर. थ्रीडी प्रिंट करून घेऊ की प्लायवूडचा हातानेच कापू? दोन्ही चालतात भो, पण दगा वेगवेगळ्या ठिकाणी देतात.

रचना सारखीच. एकात एक दोन रिंगा, एकमेकींना काटकोनात फिरणाऱ्या, आतल्या रिंगेत मोटर, आणि दोन छोटे सर्व्हो, म्हणजे सांगाल तितक्याच कोनात फिरणाऱ्या विजेच्या मोटरी, तारेने त्यांना ढकलतात. सगळीकडे 5 अंश फिरलं तरी पुरतं. 15 न्यूटनची मोटर 5 अंश वळली की साधारण 1.3 न्यूटन आडवा जोर मिळतो आणि गुरुत्वमध्य तिथून 40 सेंटीमीटर वर असेल तर लहान रॉकेट सावरायला तेवढं भरपूर झालं.

प्रिंटचा फायदा म्हणजे भोकं जागच्या जागी येतात आणि तुटलं तर तस्साच दुसरा पार्ट मिळतो. पण पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंग प्लास्टिकमध्ये अजिबात करू नका. ते 60 अंशाच्या आसपास नरम पडतं आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या घरात असतो, मग उन्हात बंद उभ्या गाडीत आत काय होत असेल विचार करा, रिंग वाकडी झालेली डोळ्याला दिसणार पण नाही आणि वर गेल्यावर अडकणार. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घ्या, ते 80 पर्यंत तग धरतं, आणि मोटरच्या बाजूने जाड कागदी नळी ठेवा म्हणजे मोटरच्या बाहेरच्या कवचाची गरमी थेट लागत नाही. दुसरी अडचण, घरी प्रिंटर नसेल तर एक भोक अर्धा मिलिमीटर सरकवायचं तरी पुन्हा कुरिअरची वाट बघा.

प्लायचं तसं नाही. 3 मिलिमीटरचा चांगला प्लाय, फ्रेटसॉ (बारीक पात्याची हातकरवत), ड्रिल, संध्याकाळपर्यंत बदल करून मोकळे. उन्हाचं पण टेन्शन नाही. त्रास एकच, समोरासमोरची भोकं एका रेषेत आली नाहीत तर रिंग जाम होते, म्हणून दोन्ही बाजू एकावर एक क्लॅम्प करून एकदमच ड्रिल मारा. आणि लाकडातलं भोक झिजून मोठं होतं, त्यात पितळी नळीचा तुकडा बसवाच.

माझ्या मते खरा मुद्दा मटेरियलचा नाहीच, प्लेचा म्हणजे सांध्यातल्या ढिलेपणाचा आहे. एका बाजूची हालचाल 5 अंशांची आणि त्यात 1 अंश ढिला असेल तर पाचवा हिस्सा तिथेच गेला, मग सर्व्होंना हुकूम देणारा कोड कितीही भारी लिहा रॉकेट डुलतच वर जाणार. म्हणून पैसे वाचवायचे ते रिंगेत वाचवा, सर्व्होत नको. एसजी90 हा सर्व्हो फक्त 9 ग्रॅमचा आणि स्वस्त, पण गिअर प्लास्टिकचे, एका धक्क्यात दात जातात. एमजी90एस मेटल गिअरचा, वजन 4-5 ग्रॅम जास्त, तरी तोच घ्या. रॉकेट मोटरचा जोर दोन्ही रिंगांच्या अक्षांच्या छेदातून जात असेल तर सर्व्होला तो जोर पेलावाच लागत नाही, नुसतं मोटरचं जडत्व आणि घर्षण, म्हणून इतका छोटा सर्व्हो पुरतो. अक्ष जरा जरी बाजूला गेले तर हे गणित बिघडतं.

नुसतं उंच उडवायचं असेल तर माउंटच्या भानगडीत पडू नका, फिन म्हणजे शेपटाकडचे पंख लावा. हां, फिनचं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, आणि वारा आपल्याकडे भरपूर, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. माउंट मात्र मोटर जळते तेवढेच सेकंद कामाचा, त्यानंतर रॉकेटवर तुमचा काहीच ताबा नाही, त्यामुळे पॅराशूट बाहेर पडायची वेळ नीट जुळवा.

गावात राहता आणि प्रिंटर हाताशी नाही तर पहिला माउंट प्लायचाच करा, डिझाइन पक्कं झालं की तेच मापं घेऊन पीईटीजीत काढा. मोटर मात्र कारखान्यातली, परवान्याने मिळालेलीच वापरायची, घरी मसाला भरायचा नाही म्हणजे नाही. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवताच्या किंवा केळीच्या वाळक्या पानांच्या आसपास लाँच लावू नका, नांगरून मोकळं पडलेलं काळं रान शोधा, मोटर पेटवायची वायर लांब ठेवा आणि पाण्याचे ड्रम भरून ठेवा.